धर्मयुद्धे आणि कोकण किनारा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

'फिरंगी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, तो मूळचा परका आहे हे सहसा ध्यानात येत नाही. पश्चिम युरोपातील फ्रँक लोकांवरून अरबांनी युरोपियनांना 'फरंज' म्हणावयास सुरुवात केली. क्रुसेडच्या दोन शतकांत हा शब्द पश्चिम आशियात सर्वतोमुखी झाला. पुढे फारसीच्या मार्गाने तो आपल्याकडे येऊन पोर्तुगिजांना चिकटला. एका दूरच्या युद्धाची खूण अशा रीतीने आपल्या बोलीत उरली आहे. ते युद्ध आपल्या किनाऱ्यापर्यंत कसे पोहोचले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

इ.स. १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने जेरुसलेम मुसलमानांच्या हातून सोडविण्याचे आवाहन केले. सहभागी होणाऱ्यास पापक्षालनाचे आश्वासन होते. अनेक सरदारांना भूमीचा आणि इटालियन बंदरांना व्यापाराचाही लोभ होता. १०९९ मध्ये शहर पडले, तेव्हा मुसलमान व यहुदी रहिवाशांची भीषण कत्तल झाली. ११८७ मध्ये सलाउद्दीनने ते परत जिंकले. त्याने कत्तल टाळली, खंडणी भरणाऱ्यांना जाऊ दिले. मात्र ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, अशा हजारोंच्या नशिबी गुलामी आली. १२०४ मध्ये तर क्रुसेडवीरांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. १२९१ मध्ये अक्का पडले आणि पॅलेस्टाईनमधील क्रुसेडराज्ये संपली. त्यामागील वृत्ती मात्र संपली नाही.

ती समुद्रावर उतरली. क्रुसेडमध्ये लढणारा 'टेंप्लर' हा योद्धा-भिक्षूंचा संघ १३१२ मध्ये विसर्जित झाला. पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये 'ख्रिस्तसंघ' स्थापन करून टेंप्लरांची तेथील मालमत्ता त्याच्याकडे सोपविली. याच संघाचा तांबडा क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर झळकू लागला. १४५२ मध्ये पोपने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान व अन्यधर्मीयांचे प्रदेश जिंकण्याची, त्यांना कायमचे दास करण्याचीही मुभा दिली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, तो ही पार्श्वभूमी घेऊनच.

दहा वर्षांनी, मार्च १५०८ मध्ये, आपल्याच रायगड जिल्ह्यातील चौलजवळ, कुंडलिकेच्या मुखाशी ती लढाई येऊन ठेपली. इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली येथे पोर्तुगिजांशी भिडले. दीवचा सुभेदार मलिक अयाज त्याच्या साहाय्यास आला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा या लढाईत मारला गेला. पित्याने फेब्रुवारी १५०९ मध्ये दीव येथे त्याचा सूड उगविला.

या युद्धातील बाजू मात्र नीट पाहिल्या पाहिजेत. पोर्तुगिजांविरुद्ध इजिप्तच्या मुसलमान सुलतानाबरोबर कालिकतचा हिंदू सामुद्री उभा होता. व्हेनिसच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे हितही इजिप्तशीच बांधलेले होते, कारण मिरीचा जुना मार्ग तेथूनच जात असे. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे जिंकून तेथील मुसलमानांची कत्तल केली. त्या मोहिमेत त्याचा साहाय्यक तिमोजा हा हिंदू होता. १५२१ मध्ये रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट उभा राहू लागला, तोही मुसलमान निजामशहाच्या संमतीने. निशाण धर्माचे होते, हिशेब मिरीचा आणि जकातीचा होता.

तरीही केवळ 'व्यापारासाठी झाले' असे म्हणून भागत नाही. १५६० मध्ये पोर्तुगीज सेनेने श्रीलंकेतील जाफना लुटले. तेथे तिच्या हाती तथागतांचा दंतधातू म्हणून पूजिला जाणारा अवशेष लागला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने त्यासाठी अपार द्रव्य देऊ केले, पण गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी ते नाकारावयास लावले आणि तो अवशेष गोव्यात चूर्ण करून जाळण्यात आला. खरा दंतधातू सुरक्षित राहिला, अशी श्रीलंकेतील बौद्धांची श्रद्धा असून तो आज कँडी येथे आहे. येथे द्वेषाने लोभावरही मात केली. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले. मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले.

एवढ्या उलथापालथीत जातीचे काय झाले? गोव्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्येही बामण, चारडो, सुदिर असे भेद टिकून राहिले. उपासनेचे स्थान बदलले, उतरंड बदलली नाही. सक्तीचे धर्मांतर माणसाला नवे नाव देते, समता देत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. तेथे लाखो माणसे कोणत्याही सेनेच्या धाकाविना, दोन दशकांहून अधिक काळाच्या विचारानंतर, स्वेच्छेने आली होती. आणि जातीची उतरंड नाकारणे हाच त्या दीक्षेचा गाभा होता.

याच किनाऱ्यावर आणखी एक परंपरा आहे. ज्या यहुद्यांना क्रुसेडच्या काळात युरोपातही जिवे मारले गेले, त्यांचेच धर्मबंधू बेने इस्रायल आपल्या कोकणात शतकानुशतके तेलघाणे चालवीत, मराठी बोलत राहिले. शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून लोकांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांना जातीच्या चौकटीत बसविले गेले हे खरे; परंतु धर्मासाठी त्यांच्यावर कोणी शस्त्र उगारले नाही. पनवेलमधील बेथ एल हे त्यांचे प्रार्थनामंदिर आजही त्याची साक्ष देते.

विद्यार्थ्यांनी रेवदंड्याचा पडका कोट आणि 'सातखणी' मनोरा अवश्य पाहावा. तेथे उभे राहून कोण जिंकले एवढेच विचारू नये. युद्ध पुकारणाऱ्याला काय मिळाले, मरणाऱ्याला कोणी विचारले होते आणि खंडणी भरू न शकणाऱ्याचे काय झाले, हेही विचारावे. आजही कोणी युद्धाला 'पवित्र' म्हणू लागला, तर हेच तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. इतिहास शिकण्याचे प्रयोजन याहून वेगळे नाही.