पाऊणपटीचे गणित

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही खोपोलीहून एस.टी.ने अलिबागला आजोळी जात असू. आजोबांची स्वतःची लहानशी होडी होती. सकाळी ओल्या वाळूत शिंपले वेचावेत, दुपारी जाळे सांधणाऱ्या आजोबांजवळ बसावे, संध्याकाळी लाटांत डुंबावे. ते आठ-दहा दिवस कसे सरत ते कळतही नसे. परंतु सकाळी आम्ही जेथे खेळतो तेथे दुपारी पाणी का येते, आणि उद्या ते थोडे उशिरा का येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला एका संकष्टीला.

अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. ओहोटीला तेथे चालत जाता येते. भरतीला किल्ला चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. आत गणपतीचे देऊळ आहे. मी सातवीत असताना आम्ही सारे सकाळी नऊच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून दर्शनाला गेलो. अकराच्या आत परता, असे आजोबांनी बजावले होते. तटावरून समुद्र पाहता पाहता साडेअकरा वाजले. खाली येऊन पाहतो तो वाट पाण्याखाली! धाकट्या बहिणीला खांद्यावर घेऊन वडील पाण्यात उतरले. पाणी कमरेला लागले तशी आईने किंचाळून त्यांना मागे बोलावले. त्यांचा तो पांढराफटक चेहरा मी अजून विसरलेली नाही.

दुपारी आजोबा होडी घेऊन आले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "आज तिथी कंची?" तिथी सर्वांनाच ठाऊक होती, उपासच होता ना!

रात्री अंगणात त्यांनी मला बोटांवर हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीन आणि पहाटेही सुमारे तीन. त्याच्या सहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन मोजावे.

अंगठा उठवणाऱ्या आजोबांच्या या गणितामागचे कारण मला पुढे भूगोलात सापडले. चंद्राच्या ओढीने पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूचे पाणी फुगते आणि विरुद्ध बाजूसही तसाच फुगवटा येतो. म्हणून दिवसातून दोनदा भरती. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकतो. त्याला गाठायला तिला सुमारे 50 मिनिटे अधिक लागतात, आणि भरतीही रोज तेवढीच लांबते. आजोबांचा पाऊण तास तो हाच! अमावास्या-पौर्णिमेस सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी काटकोनात येतात, तेव्हा भांगाची भरती. पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही.

हा हिशोब ढोबळ आहे, हे सांगितलेच पाहिजे. वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे होते. खाडीत आतवर भरती आणखी उशिरा पोचते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावे. पूर्ण भरतीची वाट पाहू नये. वाट त्याच्या कितीतरी आधी बुडते. तिथी आपण पाळतो, पण ती मोजत नाही, हीच आमची त्या दिवशीची चूक होती.

आजोबा आता नाहीत. आजोळी मात्र आम्ही दर मे महिन्यात जातोच. गेल्या खेपेस सकाळी वडील कॅलेंडरपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "शुद्ध षष्ठी आहे. सांग बघू."

"भरती साडेचारला. किल्ल्यावर जायचे तर ओहोटी साडेदहाची."

वडिलांनी घड्याळ पाहिले, बहिणीचा हात धरला आणि निघाले. बारा वाजायच्या आत आम्ही सारे किनाऱ्यावर परतलो होतो.