संकेतस्थळांची दर्शनी बाजू : बदलत्या तंत्राचा मागोवा कसा घ्यावा?

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, वीजदेयकाचा भरणा, परीक्षेचा निकाल अशी नागरिकांची अनेक कामे आज संकेतस्थळांच्या द्वारे होत असतात. कार्यालयाच्या खिडकीची जागा पुष्कळ अंशी फोनच्या पडद्याने घेतली आहे. या पडद्यावर जे दिसते, जे बोटाने दाबता येते आणि ज्यात मजकूर भरता येतो, त्या भागाला तंत्रज्ञांच्या परिभाषेत ‘फ्रंटएंड’ म्हणजे संकेतस्थळाची दर्शनी बाजू असे म्हणतात. ती घडविण्याचे काम राज्यातील अनेक तरुण-तरुणी आज करीत आहेत आणि मोठ्या शहरांबरोबरच जिल्ह्याच्या गावांतूनही या विषयाचे शिक्षण घेतले जात आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. एक तंत्र हाताशी बसते न बसते तोच दुसरे पुढे येते. रोज नवी नावे कानी पडतात आणि आपण मागे पडलो, ही भावना मनात घर करते. या तक्रारीत तथ्य किती आणि मर्यादित वेळात या विषयाची माहिती अद्ययावत कशी ठेवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाया आणि साधने

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, या क्षेत्रात दोन निरनिराळ्या गतींनी बदल होत असतात. पाया सावकाश बदलतो, तर त्यावर उभारलेली साधने झपाट्याने बदलतात.

पाया तीन गोष्टींचा आहे. मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल, त्याचे रूप ठरविणारी सीएसएस आणि त्यास हालचाल देणारी जावास्क्रिप्ट. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये जगातील पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले. त्या काळातील पृष्ठे आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात व वाचता येतात. सीएसएसची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केली व १९९७ मध्ये तिचे मानक निश्चित झाले. या तिन्हींमध्ये पुष्कळ भर पडली. परंतु पूर्वी लिहिलेले सहसा बाद होऊ द्यावयाचे नाही, हे पथ्य कटाक्षाने पाळले गेले.

साधनांचा इतिहास निराळा आहे. २००६ मध्ये जेक्वेरी आली. २०१० मध्ये गूगलचे अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये फेसबुकचे रिॲक्ट आणि २०१४ मध्ये व्ह्यू ही साधने लोकांपुढे आली. २०१६ मध्ये गूगलने अँग्युलर या नावाने जी नवी आवृत्ती आणली, ती इतकी भिन्न होती की, जुने काम बहुतांशी नव्याने लिहावे लागले. पुढे अँग्युलरजेएसची देखभाल २०२१ च्या अखेरीस थांबली. केवळ तेवढे एकच साधन शिकलेल्यांना नव्याने आरंभ करावा लागला. ज्यांना पाया ठाऊक होता, त्यांना मात्र नवे साधन काही आठवड्यांच्या अभ्यासाने आत्मसात करणे शक्य झाले.

नवी सोय कशी रुजू होते?

पायातील बदल अचानक होत नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते व ती सर्वांना पाहता येते. जावास्क्रिप्टमधील प्रत्येक सूचना ‘टीसी ३९’ या समितीपुढे येते, टप्प्याटप्प्याने तपासली जाते आणि अखेरच्या टप्प्यावर पोहोचल्यानंतरच मानकात समाविष्ट होते. २०१५ पासून या मानकाची नवी आवृत्ती दरवर्षी प्रसिद्ध होते. सीएसएसचे काम १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे आहे. एचटीएमएलचे मानक ब्राउझर बनविणाऱ्या संस्थांचा ‘व्हॉट डब्ल्यूजी’ हा गट सांभाळतो.

मानकात आलेली सोय सर्व ब्राउझरांत एकाच वेळी येत नाही. सीएसएसमधील ‘हॅज’ हा निवडक याचे उत्तम उदाहरण होय. अर्जातील एखाद्या रकान्यात चूक झाली असता त्याभोवतीची संपूर्ण चौकट लाल करणे यासारखे काम त्यामुळे जावास्क्रिप्टवाचून होऊ शकते. ही सोय सफारीमध्ये मार्च २०२२ मध्ये, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आली. म्हणजे पहिल्या ब्राउझरपासून शेवटच्यापर्यंत पोहोचण्यास तिला एकवीस महिने लागले.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठेवण्याची आवश्यकता आता राहिलेली नाही. २०२३ पासून ‘बेसलाइन’ नावाची एक खूण प्रचारात आली आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स व सफारी या सर्वांत एखादी सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ समजली जाते आणि त्यानंतर ३० महिने लोटले की ‘सर्वत्र उपलब्ध’ समजली जाते. मोझिलाच्या ‘एमडीएन’ या संदर्भस्थळी ही खूण बहुतेक सोयींच्या माहितीपृष्ठावर आढळते.

नव्याच्या मोहाची किंमत

या तीस महिन्यांना महत्त्व का द्यावे, हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी प्रस्तुत लेखकाची एका विद्यार्थिनीशी भेट झाली. प्रवेश अर्जाची अखेरची तारीख दुसऱ्या दिवशी होती. वडिलांच्या जुन्या फोनवर तिने संबंधित संकेतस्थळ वारंवार उघडून पाहिले. पडद्यावर कोऱ्या पानाखेरीज काहीच येईना. आदल्याच महिन्यात ते पृष्ठ ‘आधुनिक’ करण्यात आले होते. अखेर तिने शेजारच्या गावातील केंद्रावर जाऊन अर्ज भरला. त्यासाठी तिच्या वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडाली.

असे का होते, हे समजण्याजोगे आहे. ब्राउझरला एचटीएमएल किंवा सीएसएसमधील एखादी आज्ञा अपरिचित असली, तर तो ती वगळून पुढे जातो. जावास्क्रिप्टची गोष्ट तशी नाही. तिच्यातील एक लेखनप्रकार जरी जुन्या ब्राउझरला अपरिचित असला, तरी ती संपूर्ण फाइल चालत नाही. आणि सारे पृष्ठ त्या फाइलवरच अवलंबून असेल, तर वापरणाऱ्यापुढे कोरे पान येते. तंत्रज्ञाच्या महागड्या फोनवर हा दोष दिसत नाही. म्हणून नव्याची माहिती ठेवणे म्हणजे नवे तत्काळ वापरणे नव्हे. कोणती गोष्ट केव्हा वापरण्यायोग्य झाली, हे ओळखणे हीच या माहितीची खरी उपयुक्तता होय.

माहिती ठेवण्याचा सोपा क्रम

नोकरी अथवा शिक्षण सांभाळून पाळता येईल असा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

आठवड्यातून एकदा अर्धा तास राखून ठेवावा. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्यांची टिपणे आणि आपण प्रत्यक्ष वापरतो त्या साधनाच्या अधिकृत घोषणा तेवढ्या वाचाव्यात. इतर नावे केवळ वहीत नोंदवावीत. तीन महिन्यांनंतरही त्यांपैकी एखादे नाव कानी येत राहिले, तर त्याचा अभ्यास करावा. बहुतेक नावे तोपर्यंत आपोआप गळून पडलेली असतात.

महिन्यातून एकदा एखादी ‘नव्याने उपलब्ध’ झालेली सोय घेऊन लहानसे पृष्ठ स्वतः तयार करावे. वाचलेले विसरते, केलेले राहते.

वर्षातून एकदा मोठे चित्र पाहावे. ‘स्टेट ऑफ जेएस’ ही तंत्रज्ञांची पाहणी २०१६ पासून होत आहे. मात्र तिच्यात स्वेच्छेने उत्तरे देणारे बहुधा नव्याचे उत्साही असतात, याचे भान ठेवावे.

सुरक्षेची वार्ता या क्रमाला अपवाद आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंट्स या भागात अत्यंत गंभीर दोष असल्याचे जाहीर झाले व त्याबरोबर दुरुस्त आवृत्त्याही देण्यात आल्या. अशा प्रसंगी आठवड्याची वाट पाहणे हिताचे नसते. आपण वापरीत असलेल्या साधनांच्या सुरक्षा सूचना थेट आपल्याकडे येतील, अशी व्यवस्था प्रत्येकाने करून ठेवली पाहिजे.

मराठी पृष्ठांच्या गरजा

मराठीतून संकेतस्थळे करणाऱ्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पृष्ठाची भाषा मराठी आहे, हे एचटीएमएलमध्ये ‘लँग’ या गुणधर्माने सांगता येते. ही सोय १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून उपलब्ध आहे. ती वापरल्यास, टंकात तशी तरतूद असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. दृष्टिहीन व्यक्तींना पडदा वाचून दाखविणारी आज्ञावलीही याच खुणेवरून योग्य भाषेचा आवाज निवडू शकते. असे असूनही कित्येक मराठी पृष्ठांवर भाषा इंग्रजी असल्याचीच नोंद आढळते. पाव शतकाहून जुनी सोय दुर्लक्षित राहावी आणि कालच्या साधनाची चर्चा व्हावी, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

सुगम्यतेच्या नियमांचाही मागोवा ठेवणे आवश्यक आहे. ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शासकीय काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या दृष्टीने ही वाचने कोणत्याही नव्या फ्रेमवर्कपेक्षा अधिक मोलाची आहेत.

सारांश, बदलाचा वेग पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. पाया पक्का करावा, साधने गरजेनुसार निवडावीत आणि प्रत्येक नव्या गोष्टीस एकच प्रश्न विचारावा : जुना फोन आणि मंद जोडणी असलेल्या नागरिकाचे काम हिच्यामुळे सुलभ होईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सवय ज्याला लागली, तो तंत्रज्ञ काळाच्या मागे पडणार नाही आणि अखेरच्या तारखेच्या आदल्या दिवशी एखाद्या विद्यार्थिनीपुढे कोरे पानही येणार नाही.