भावनांच्या शिक्षणासाठी निधी

राग आवरणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, भांडण बोलून मिटवणे या गोष्टी मुलांना सरावाने येतात. त्यासाठी गोष्टींची पुस्तके, खेळ आणि शिक्षकांचे प्रशिक्षण लागते. पैसा कुठून आणायचा?

पहिला मार्ग समग्र शिक्षा योजनेचा. तिच्यात पटसंख्येनुसार शाळा अनुदान आणि ग्रंथालयासाठी वेगळी तरतूद असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार सरकारी शाळेची व्यवस्थापन समिती विकास आराखडा करते आणि तोच अनुदानाचा आधार मानला जातो. म्हणून आपली गरज आधी आराखड्यात उतरायला हवी.

दुसरा मार्ग कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. शिक्षण त्यात येते.

मात्र 'मुले संस्कारी होतील' एवढे लिहून भागत नाही. महिनाभर भांडणांची नोंद ठेवू, उपक्रमानंतर पुन्हा ठेवू. नुसता आकडा घटणे पुरेसे नाही. मुले भांडणे लपवतही असतील. किती भांडणे त्यांनी स्वतः मिटवली, हे पाहू.

अनुदान संपते, शिक्षकाची सवय उरते. तेव्हा पहिला खर्च प्रशिक्षणावर करू, भिंतीवरच्या तक्त्यांवर नंतर.