सागरतळीचे पेव

आम्हां धान्य-व्यापाऱ्यांस पेव ठाऊक आहे : माल, कोरडी जागा व घट्ट झाकण, तिन्ही जुळावी लागतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्र असेच पेव होय. नानाखेड्याखालील काळ्या पाषाणाच्याच कुळातील पाषाण त्याच्या तळाशीही आढळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग होऊ लागला. किनारा भंगून काही भाग खचले, काही उंच राहिले. खचलेल्या भागांतील गाळात पुरलेल्या जीवावशेषांचे उष्णतेने तेल झाले. ते उंचवट्यावरील सच्छिद्र चुनखडकात साठले. वरील मृत्तिकास्तराने झाकण घातले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने हे पेव उघडले. कोट्यवधी वर्षांची ही साठवण पुन्हा भरणे नाही. अपरिग्रह मानणाऱ्या बंधूंनी मालमोटारींचे डिझेलही तोलूनच खर्चावे.