बर्फाची वाट पाहताना

हिमालय म्हणजे बर्फ, हे समीकरण आपण शाळेत शिकतो ते कायमचे. त्याच्याच भरवशावर २०२४ च्या जानेवारीत मी सौ.ला आणि दहा वर्षांच्या मिनीला घेऊन नाशिकहून निघालो. मिनीला बर्फावरून घसरायचे होते आणि उत्तराखंडातले औली हे त्यासाठी नावाजलेले ठिकाण. ऋषीकेशपासून जोशीमठपर्यंत दिवसभर डोंगरातले गचके खाल्ले. तिथून वर जाणारा चार किलोमीटरचा रोपवे, जोशीमठची जमीन खचू लागली त्या २०२३ च्या जानेवारीतच बंद झाला होता. तेव्हा उरलेली चढण जीपने.

वर पोचलो आणि तिघेही गप्प झालो. समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी पांढरीशुभ्र, पण आमच्या पायांखालचा उतार वाळक्या गवताने पिवळा पडलेला. मिनी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या पांडवलेण्याच्या डोंगरासारखंच आहे!"

मी तिच्यासाठी चार दिवसांच्या शिकवणीचे पैसे आगाऊ पाठवले होते. शिकवणारा गृहस्थ चाळिशीचा, तिथलाच. त्याला सगळे मास्टरजी म्हणत. मी जरा चढ्या आवाजातच विचारले, "बर्फ कुठे आहे?"

"वाटेत असेल, साहेब," तो म्हणाला.

मला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे होते. औलीचा बर्फ डोंगरावर आपोआप तयार होत नाही. तो पश्चिमेकडून चालत येतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्याचे भोवरे निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन आदळतात. आपले हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. ते आले तर बर्फ, नाही आले तर नुसते कोरडे निळे आकाश. थंडी कितीही कडक असो, ओल नसेल तर बर्फाचा कण पडत नाही. आणि ओल येऊनही हवा उबदार असेल, तर बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि होता तोही धुऊन नेतो.

औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटरवर आहेत, म्हणजे वरचा माथा आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. माणसाला ही उंची पुष्कळ वाटते, बर्फाला बेताचीच. म्हणून मोसमही आखूड. डिसेंबरअखेर पहिला थर धरावा, जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर थर चढावेत, मार्चमध्ये सकाळी कडक आणि दुपारी भातासारखा मऊ व्हावा, एप्रिलमध्ये गवत वर यावे. उतारांचे तोंड बहुतेक उत्तरेकडे असल्याने ऊन तिरपे पडते आणि पडलेला बर्फ टिकतो. पण आधी पडायला तर हवा!

"यंत्राने करत नाहीत का?" सौ.ने विचारले. यंत्रे आली होती. २०११ मध्ये देहरादून आणि औलीला दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले, त्या निमित्ताने. पाण्याचे बारीक तुषार दाबाच्या हवेने उडवायचे, ते खाली पडेपर्यंत गोठतात. पण त्यासाठीही हवा शून्याखाली आणि शक्यतो कोरडी लागते. माणसाने यंत्र आणले, तरी थंडी निसर्गाकडूनच मागून घ्यावी लागते. २०२३ च्या फेब्रुवारीतली आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी रद्द करावी लागली होती.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, मी मास्टरजीकडे पैसे परत मागितले. त्याने एक शब्दही न बोलता नोटा मोजून माझ्या हातात दिल्या. मागाहून हॉटेलच्या पोऱ्याकडून कळले की हा उन्हाळ्यात हेमकुंडच्या वाटेवर खेचरे हाकतो, हिवाळ्यातले हे आठ-दहा आठवडेच काय ते चार पैसे हाती देतात, आणि त्यातला सगळा जानेवारी कोरडा गेला होता. सौ. माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

त्या दिवशी, २९ तारखेला, संकष्टी होती. चंद्रोदयाची वाट पाहत आम्ही कुडकुडत गच्चीत उभे होतो. नऊच्या पुढे चंद्र वर आला तो विरळ ढगाआडून, आणि त्याच्याभोवती मोठे खळे!

"आई म्हणायच्या, चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो," सौ. म्हणाली.

आईचे ते शास्त्र बरोबरच होते. अतिशय उंचावरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांतून प्रकाश वाकतो आणि खळे दिसते. असे ढग पुष्कळदा येणाऱ्या वादळाच्या पुढे धावतात. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले आणि रात्री थंडी चक्क कमी झाली. मी म्हटले, संपले, आता कसला बर्फ! पण ढग पांघरुणासारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात, हे मी विसरलो होतो. ३१ तारखेला भुरभुर सुरू झाली. आवाज नाही, गडगडाट नाही, कापूस पिंजल्यासारखा बर्फ पडत राहिला. १ फेब्रुवारीच्या सकाळी पिवळा डोंगर पांढरा झाला होता!

आम्हाला त्याच दुपारी निघायचे होते, आणखी बर्फ पडला तर रस्ता बंद होण्याची भीती. मिनी खिडकीला नाक लावून उभी. मास्टरजीकडे कोणत्या तोंडाने जायचे, या विचारात मी असताना दारावर थाप पडली. खांद्यावर लहान मापाच्या स्की घेऊन तोच उभा होता. "चल बिटिया, गवत पुरतं झाकलेलं नाही, पण बसक्या उतारावर दोन तास निघतील."

त्या दोन तासांत मिनी किती वेळा पडली ते मोजले नाही. मास्टरजीचा फोन मात्र सारखा वाजत होता. दिल्ली-देहरादूनची मंडळी बर्फाची चौकशी करत होती आणि तो हसत हसत "आइए, आइए" म्हणत होता. निघताना मी चारही दिवसांचे पैसे पुढे केले. त्याने दोन तासांचेच घेतले. "बाकीचे पुढच्या खेपेला, साहेब. बर्फ माझा नाही, त्याचे पैसे कसे घेऊ?" चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपमधून उतरताना आम्ही तिघेही मागे वळून पाहत होतो.

हिमालयावरून असा विक्षोभ पुढे सरकला की मागून कोरडा उत्तरी वारा सुटतो आणि नाशिक-निफाडला हुडहुडी भरते. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. पूर्वी अशा सकाळी मी थंडीला नावे ठेवत दुलई ओढून घेत असे. आता मिनी माझी दुलई ओढते आणि म्हणते, "बाबा, मास्टरजींना फोन लावा ना. तिकडे पडला का विचारा."

आणि पडला म्हणून कळले, की त्या दिवशी आमच्या घरातही चहा जरा गोड लागतो.