भारत ते जर्मनी: मधे फक्त तीन देश! तुमच्या धंद्यातला 'रशिया' कोण?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेली एक गोष्ट इथे लिहितोय.

'ट्रॅव्हल' नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. दोन देश दिलेले असतात. सीमेला सीमा लागलेल्या देशांची नावं टाकत एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायचं. मधे जितके कमी देश, तितकं चांगलं.

परवा घरी आम्ही स्वतःच एक जोडी घेतली, भारत ते जर्मनी. मी सुटलोच! पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया, हंगेरी, ऑस्ट्रिया. मधे 7 देश. नववीतल्या मुलीनं 3 नावं घेतली: चीन, रशिया, पोलंड. म्हटलं, "रशिया आणि पोलंड कुठे चिकटलेत गं?" तिनं नकाशा मोठा करून दाखवला. मुख्य रशियापासून तुटलेला, बाल्टिक समुद्राकाठचा कालिनिनग्राद हा तुकडा रशियाचाच आहे, आणि त्याची सीमा पोलंडला लागते.

मी दिशा बघून चाललो होतो. तिनं शेजारी मोजले. चीन आणि रशिया, दोघांच्याही जमिनीवरच्या सीमा 14-14 देशांना लागतात. असा एक जण सापडला की वाट झटक्यात कमी होते.

आता धंद्यात बघा

आपल्या एका बॅचमधल्या ताई कात्रजला राहतात. नाश्त्याचे पदार्थ बनवतात. हिंजवडीतल्या कंपनीत माल द्यायचा हे त्यांचं स्वप्न. ग्राइंडरचा हप्ता सुरू झालेला, आणि सहा महिने कंपन्यांना ईमेल करूनही एक उत्तर नाही. धंदा बंद करायच्या विचारात होत्या.

मी विचारलं, "ताई, पोहे-रवा कुठून घेता?" म्हणाल्या, "मार्केट यार्डातून." तो घाऊक व्यापारी कँटीनवाल्यांनाही माल देत होता! म्हणजे ताई, व्यापारी, कँटीनचा ठेकेदार, कंपनी. मधे फक्त दोन माणसं. त्यांचा 'रशिया' दर आठवड्याला समोरच उभा होता.

पण थांबा, गेट उघडं आहे का?

नकाशावर पाकिस्तान आपला शेजारी आहे. तरी एप्रिल 2025 मध्ये अटारीची चौकी बंद झाली आणि तिथून होणारा व्यापार थांबला. खेळात सीमा लागली की पुढे जाता येतं, व्यवहारात गेटही उघडं लागतं.

ताईंचंही तसंच झालं. ठेकेदार भेटला, चव आवडली, पण त्यानं एफएसएसएआय नोंदणीचा नंबर आणि बिल मागितलं. दोन्ही नव्हतं. ती ऑर्डर दुसरीकडे गेली. नोंदणी करून ताई पुन्हा गेल्या, तेव्हा कुठे पहिली छोटी ऑर्डर मिळाली. ओळख वाट दाखवते, कागद गेट उघडतो. दोन्ही लागतं.

आजचा गृहपाठ

वहीत डावीकडे स्वतःचं नाव लिहा, उजवीकडे हवा असलेला ग्राहक. मधे खऱ्या माणसांची नावं भरा. मग प्रत्येक नावापुढे लिहा: हा माझ्याकडे काय मागेल? ते आधी तयार ठेवा, आणि उद्या सकाळी पहिल्या माणसाला फोन करा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!