रोजा अंगठ्याचाही

इफ्तारच्या दस्तरखानावर खजुराची ताटली पुढे सरकवताना कोणी शेजारच्याला टोचून बोलत नाही. मनात अढी असली तरी ‘घ्या ना, भाई’ असंच तोंडून निघतं. तरावीह आटोपते, मोबाइल हातात येतात आणि त्याच दोघांची मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपते. विषय चंद्रदर्शनाचा असेल, नाहीतर इमारतीच्या पाण्याचा. समोरासमोर आवरलेली जीभ इथं का सुटते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या सुटलेपणाची कारणं मांडली. ओळख लपते, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, वडीलधाऱ्यांचा धाक उरत नाही. पण मोहल्ल्याच्या ग्रुपवर तर सगळ्यांची नावं ठाऊक असतात! इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १४२ जणांच्या जोड्या करून त्यांना ऑनलाइन चर्चा करायला लावली. वागणं बिघडण्यात निनावीपणापेक्षा नजरेला नजर नसण्याचा वाटा मोठा निघाला.

इस्लामी आचारधर्मात गीबतीचा निषेध आहे. माणसाच्या पाठीमागे त्याला दुखावेल असं बोलणं म्हणजे गीबत, मग ते खरं का असेना. कुरआनातील सूरह हुजुरात तिला मृत भावाचं मांस खाण्याची उपमा देते. मृताप्रमाणेच गैरहजर माणसालाही उत्तर देता येत नाही. ‘गीबत’ आणि मराठीत रुळलेला ‘गायब’ हे शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. ग्रुपवरचा माणूस आपला मेसेज वाचतो, म्हणून ती गीबत नव्हे, असं कोणी म्हणेल. पण आपण लिहीत असतो तेव्हा त्याचा चेहरा गायबच असतो, आणि अपमान तर शंभर जणांसमोर होतो.

रोजेदाराशी कोणी भांडू लागलं, तर त्यानं ‘मी रोजाने आहे’ एवढंच म्हणावं, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आज जिभेचं काम अंगठा करतो, तेव्हा ही शिकवण त्यालाही लागू व्हायला हवी. रागात टाइप केलेला मेसेज लगेच पाठवू नये. इफ्तारनंतर पुन्हा वाचावा. तक्रार खरीच असेल तर फोन करावा, जमल्यास दारी जावं.

ईदच्या नमाजनंतर त्याच माणसाची गळाभेट घ्यायची आहे. त्या वेळी नजर चुकवावी लागू नये.